एक्स-रेच्या खोलीतला रोजा

लक्ष्मी रोडवरून नारायण पेठेत वळलं की संध्याकाळी सहानंतर पायी चालणंही सोपं नसतं. दुचाक्या, हातगाड्या, दुकानांच्या पायऱ्यांवर टेकलेली माणसं, क्लासहून परतणारी पोरं. गेल्या आठवड्यात या गर्दीतून वाट काढत मी एका इमेजिंग सेंटरच्या दारात पोहोचले, तेव्हा रोजा सोडायला वीस मिनिटं उरली होती. पिशवीत खजूर होते, कापलेलं कलिंगड होतं आणि माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आपानं, लेकीसाठी आठवणीनं दिलेले समोसे होते. आपाची मुलगी इथं इंटर्न आहे. तिची ड्यूटी रात्री नऊला संपते, म्हणून रमजानभर तिचं इफ्तार इथंच होतं.

"खाला, बाहेरच थांब हं," ती आतून म्हणाली. "लाल दिवा विझेपर्यंत दार ढकलायचं नाही."

मी बाकावर बसले. दारावरचा लाल दिवा लागला. "आजी, मोठा श्वास घ्या... धरून ठेवा... हलू नका... हं, सोडा आता." दिवा विझला.

हा आवाज आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेला असतो, पण तो कोणाचा हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. रिपोर्टवर सही असते ती रेडिओलॉजिस्टची, म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयाचं पुढचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची. रुग्णाला उभं करणारा, किरणं किती सोडायची ते ठरवणारा आणि बटण दाबणारा माणूस वेगळा असतो. त्याला टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. जुन्या पुण्यात 'एक्स-रेवाला' म्हणायचे. माझी भाची ती एक्स-रेवाली होते आहे.

चार वर्षांपूर्वी तिची बारावी झाली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत गुण चांगले होते, पण नीटमध्ये एमबीबीएसपुरते नव्हते. घरात रोज नवा सल्ला येई. त्यातच कोणीतरी एक पत्रक आणून दिलं. 'सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन, शंभर टक्के नोकरी.' दुलाभाईंनी, म्हणजे तिच्या अब्बांनी, आगाऊ रक्कमही बाजूला काढून ठेवली होती. पैसे भरण्याआधी मी आणि ती तिथं जाऊन आलो. दोन खोल्या होत्या, भिंतीवर हाडांचे तक्ते होते, कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा होता. मशीन नव्हतं. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं, असं मी विचारलं तर "आमचंच, पण सगळीकडे चालतं" असं उत्तर आलं. प्रात्यक्षिकं कोणत्या हॉस्पिटलात, यावर "ते नंतर बघू." जिना उतरताना भाची म्हणाली, "खाला, सांगाड्याचा एक्स-रे काढून कोणाला नोकरी मिळते?"

दुलाभाईंचे पैसे वाचले. तशाच पत्रकावर विसंबलेली दोन मुलं पुढे माझ्या ओळखीत निघाली. त्यांची वर्षं गेली ती गेलीच. म्हणून ज्यांच्या घरात यंदा बारावी आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

सरळ रस्ता आहे, फक्त तो सहा महिन्यांचा नाही. महाराष्ट्रात सरकारी मेडिकल कॉलेजांमधून नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम चालत आला आहे. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यात रेडिओग्राफीची वेगळी शाखा आहे. शिवाय काही खासगी आणि अभिमत विद्यापीठांत इमेजिंग टेक्नॉलॉजीची बीएस्सी आहे. २०२१ साली संसदेनं अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. डॉक्टर आणि नर्स यांच्यापलीकडची जी माणसं दवाखाना चालवतात, त्यांच्या शिक्षणाला एक माप असावं आणि त्यांची अधिकृत नोंद व्हावी, हा त्यामागचा हेतू. रेडिओलॉजी आणि इमेजिंग टेक्नॉलॉजी त्यात आहे. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? संस्थेला जोडलेलं हॉस्पिटल कोणतं आणि तिथं कोणकोणती मशीनं आहेत? आणि विद्यार्थ्याला किरणं मोजण्याचा बॅज मिळतो का? तिसऱ्या प्रश्नाला जिथं अडखळतात, तिथून उठून या.

या बॅजचीही एक गोष्ट आहे. ती आपाच्या काळजीतून सुरू होते.

भाचीला पदवीला प्रवेश मिळाला तेव्हा सगळे खूश होते, आपा सोडून. "पोरगी दिवसभर त्या किरणांत उभी राहणार. उद्या तिला मूलबाळ झालं नाही तर?" हे ती मला स्वयंपाकघरात, आवाज खाली आणून म्हणाली. तिची भीती अगदीच निराधार आहे, असं मला म्हणवेना. विल्हेल्म रंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी एक्स-रेचा शोध लागला आणि त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र काढलं. हाडं दिसली, बोटातली अंगठीही दिसली. जग थक्क झालं, आणि पुढची काही वर्षं लोकांनी या किरणांशी खेळण्यासारखा व्यवहार केला. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली रोज स्वतःचा हात किरणांखाली धरून यंत्र तपासत. हात गेले आणि १९०४ साली प्राणही गेले. किरणांनी बळी घेतलेल्या अशा डॉक्टरांचं, संशोधकांचं आणि तंत्रज्ञांचं स्मारक १९३६ साली जर्मनीत हॅम्बर्गच्या एका हॉस्पिटलच्या आवारात उभं राहिलं.

आजचे नियम त्या माणसांनी भोगलेल्या यातनांतून आले आहेत. आपल्याकडे ते अणुऊर्जा नियामक मंडळ घालून देतं. मंडळाची स्थापना १९८३ ची. किरणांत काम करणाऱ्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळता कामा नये, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. मिलिसीव्हर्ट म्हणजे किती, हे कळायला एक तुलना पुरेशी आहे. माती, हवा, खडक, आकाश यांतून काहीही न करता माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.०२, म्हणजे तीन दिवसांत निसर्ग देतो तेवढे. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण ८, म्हणजे निसर्गाची तीन वर्षं. एमआरआय आणि सोनोग्राफीत ही किरणं नसतातच. आणि हे आकडे रुग्णाचे आहेत. टेक्नॉलॉजिस्ट शिशाच्या काचेआड उभा असतो. मशीन बंद झालं की खोलीत काही उरत नाही, दिवा मालवल्यावर उजेड उरत नाही तसं.

पण आईला आकड्यांनी धीर येत नाही. तो आला बॅजमुळे. दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली तशी भाचीच्या छातीवर एक छोटी पट्टी लागली. तिला टीएलडी बॅज म्हणतात. आत तीन चकत्या असतात. मिळालेली किरणं त्या साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, तिथं चकत्या तापवतात आणि जेवढी किरणं साठली असतील तेवढा उजेड त्यांतून बाहेर पडतो. त्यावरून डोस मोजतात. शिशाचा ॲप्रन घातला तर बॅज त्याच्या आत लावायचा, कारण मोजायचं असतं ते अंगाला पोहोचलेलं.

पहिला रिपोर्ट आला. डोस शून्य. आपानं तो तीनदा वाचायला लावला. नंतरचेही तसेच आले. ते सगळे तिनं रेशनकार्डाच्या फायलीत ठेवले आहेत. कोणी महिला कर्मचारी गरोदर असेल आणि तिनं तसं कळवलं, तर पुढच्या काळात पोटातल्या बाळासाठीची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट असते आणि काम त्याप्रमाणे वाटून द्यायचं असतं, हेही तिनं आता पाठ केलंय. गेल्या वर्षी एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं नेमकं तेच विचारलं, जे आपानं मला स्वयंपाकघरात विचारलं होतं. आपानं फाईल काढून समोर ठेवली. ते स्थळ पुढे गेलं नाही. मला राग आला होता. भाची म्हणाली, "त्यांना दोष नको देऊस, खाला. अम्मीला कळायला दोन वर्षं लागली. त्यांनी तर एक कप चहा घेतला."

मुलींनी हे काम करणं नवं नाही. पहिल्या महायुद्धात मेरी क्यूरी यांनी एक्स-रेच्या गाड्या थेट आघाडीपर्यंत नेल्या, आणि १९१६ पासून पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये सुमारे दीडशे स्त्रियांना ते मशीन चालवायला शिकवलं. नारायण पेठेलाही शिकणाऱ्या मुलींचं अप्रूप नाही. लक्ष्मी रोडवरची हुजूरपागा इथं १८८४ पासून उभी आहे. आज या सेंटरमध्ये बाई टेक्नॉलॉजिस्ट आहे म्हटल्यावर कितीतरी बायका मॅमोग्राफीला निर्धास्त येतात. त्यांत बुरख्यातल्या असतात तशा नऊवारीतल्याही असतात. एक्स-रेपूर्वी पाळीची तारीख विचारावी लागते, दिवस गेलेत का विचारावं लागतं. ते बाईनं विचारलं की उत्तर खरं येतं.

त्या संध्याकाळी आतल्या आजींचं काय झालं, ते भाचीनं मला नंतर सांगितलं. आजी जवळच्याच. खोकला महिना झाला जात नव्हता. छातीचा एक्स-रे काढायचा तर गळ्यात धातू चालत नाही, फुप्फुसावर त्याची सावली पडते. आजी म्हणाल्या, "मंगळसूत्र मी नाही काढणार. पन्नास वर्षांत काढलं नाही." मागे रांग होती. भाची म्हणाली, "आजी, काढून ठेवू नका. मनगटाला गुंडाळा. गळ्यात नसलं तरी अंगावर राहील ना?" छातीच्या एक्स-रेत हात कमरेवर असतात, खांदे पुढे घेतात म्हणजे पाठीची फरी फुप्फुसावर येत नाही. मनगट चित्राच्या बाहेरच असतं. आजींनी दोन वेढे दिले आणि उभ्या राहिल्या. सकाळी एका चाचांच्या गळ्यातला चांदीच्या डबीतला तावीज असाच मनगटावर गेला होता.

एमआरआयच्या खोलीत मात्र ही सवलत नाही. तिथला चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा हजारो पटींनी जोरदार असतो आणि रात्रंदिवस चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक मशीनकडे खेचला गेला आणि प्राणाला मुकला. म्हणून दारावरची पोरगी पुन्हा पुन्हा विचारते, खिशात काही आहे का, शरीरात पेसमेकर आहे का, हिजाबला पिन आहे का. तिच्यावर वैतागू नका.

इफ्तारला दहा मिनिटं राहिली तेव्हा सेंटरमधले मोठे सर बाहेर आले. तीसेक वर्षं याच कामात आहेत, चतुर्थी न चुकता करतात. भाचीची सगळी प्रात्यक्षिकं तेच तपासतात. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

"आमच्या वेळी फिल्म होती," सर म्हणाले. "डार्करूममध्ये धुवायची. किरणं जास्त सोडली की फिल्म काळीकुट्ट, कमी सोडली की पांढरीफटक. चूक केली की सगळ्या दवाखान्याला दिसायची. साहेब फिल्म हातात धरून ओरडायचे. आता डिजिटल आलं. किरणं जास्त झाली तरी कॉम्प्युटर चित्र सावरून घेतो. उलट चित्र जरा जास्तच स्वच्छ येतं. डॉक्टर खूश, पेशंट खूश. मग हळूहळू हात सैल होतो. आज थोडं जास्त, उद्या आणखी थोडं. पेशंटच्या अंगात गरजेपेक्षा जास्त गेलं, ते कोणाला कळतच नाही."

"मग तुम्ही यांना काय शिकवता?" मी विचारलं.

"प्रत्येक चित्राबरोबर मशीन एक आकडा दाखवतं, किरणं किती पोहोचली त्याचा. तो बघायचा. कोणी विचारत नाही, तरी बघायचा. बारीक माणसाला जाड माणसाचा डोस द्यायचा नाही. जेवढा भाग हवा तेवढ्यावरच झोत ठेवायचा. मूल असेल तर आणखी जपून. आणि पहिल्याच वेळी नीट उभं करायचं, म्हणजे दुसऱ्यांदा काढायला लागत नाही."

त्यांच्या अभ्यासात या तत्त्वाला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. अर्थ एवढाच की काम भागेल इतकी कमीत कमी किरणं वापरायची. भाचीला पहिल्या वर्षी ते परीक्षेपुरतं वाटलं होतं. "मला ते कळलं रोज्यात," ती म्हणाली. "दुपारी तीन वाजता घसा कोरडा पडतो. कूलर समोर आहे, पॅन्ट्रीत कोणी नाही. पाणी प्यायले तर कोणाला कळणार? तरी आपण पीत नाही. कंट्रोल पॅनेलसमोरही मी एकटीच असते. आत पेशंटला काही कळत नाही, बाहेर कोणाला दिसत नाही. तो आकडा फक्त मी बघते."

सर हसले. "आमच्या उपासाचंही तेच आहे गं. साबुदाण्याची खिचडी सोडून."

रोजेदार वाचकांसाठी तिनं एक गोष्ट आवर्जून लिहायला सांगितली आहे, आणि ती एकादशी करणाऱ्यांनाही लागू आहे. ओटीपोटाच्या काही सोनोग्राफींना भरपूर पाणी पिऊन यावं लागतं. डाय टोचून सीटी स्कॅन असेल तर त्यानंतर पाणी प्यायला सांगतात, म्हणजे डाय लघवीवाटे निघून जातो. रोजा असेल तर तपासणीची वेळ ठरवतानाच तसं सांगा. घाईची नसेल तर इफ्तारनंतरची किंवा ईदनंतरची वेळ मिळू शकते, पण ती पुढे ढकलायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. आजारी माणसानं रोजा नंतर ठेवावा, ही मुभा कुराणातच दिलेली आहे. "लोक रोजा आहे हे लपवतात," ती म्हणाली. "मग टेबलावर चक्कर येते. मधुमेहाचे पेशंट तर हमखास. आधी सांगितलं तर आम्ही सोय करतो."

पावणेसातच्या सुमारास मोबाईलवर अजान वाजली. पॅन्ट्रीतल्या स्टूलवर वर्तमानपत्र अंथरून आम्ही खजूर ठेवले. सर आले, रिसेप्शनवरची मुलगी आली, शिपाईमामा आले. मघाच्या आजी रिपोर्टची वाट बघत बाकावर होत्या. मंगळसूत्र परत गळ्यात आलं होतं. भाचीनं त्यांच्यापुढे ताटली धरली. आजींनी खजूर घेतला आणि विचारलं, "सकाळपासून पाणीसुद्धा नाही? आणि मला एवढ्या शांतपणे उभं केलंस?"

"आजी, मी घाई केली असती तर तुम्ही हलला असता. मग परत काढायला लागला असता."

पाणी, दोन खजूर, एक समोसा, एवढ्यात बाहेर पुढचा पेशंट आला. पायाला प्लास्टर घातलेला शाळकरी मुलगा होता, वडिलांच्या कडेवर. भाचीनं हात धुतले, बॅज सरळ केला आणि आत गेली. मी ताटल्या आवरल्या. दारावरचा लाल दिवा लागला आणि क्षणात विझला. दुसऱ्यांदा लागला नाही.

घरी जाऊन आपाला रिकामा डबा दिला. स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी रमजानचं वेळापत्रक लावलेलं आहे, सहेरी आणि इफ्तारच्या वेळांचं. कॅलेंडरवर महिन्याच्या शेवटच्या तारखेभोवती पेनानं गोल केला होता. मला वाटलं ईदच्या तयारीचं काही असेल.

"नाही गं," आपा म्हणाली. "त्या दिवशी तिचा बॅज मोजायला जातो."